उभ्या सायकलीचा पावसाळा

मृग लागायच्या आधीच्या रविवारी वडील सायकल उलटी करत. वाड्याच्या चौकात पोते अंथरायचे, हँडल आणि सीट त्यावर टेकवून चाके आभाळाकडे करायची आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत तो कार्यक्रम चाले. चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवलेली असे. जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक स्पोक पुसण्याचे काम माझ्याकडे. चेन वाळली की तिला तेल, दोन्ही हबांच्या भोकांत तेलाचे चार-चार थेंब आणि शेवटी रिमला व्हॅसलीनचा पातळ हात. हा हात रिमच्या बाहेरच्या अंगालाच द्यायचा. स्पोकांच्या बाजूला चुकूनही बोट लागता कामा नये, कारण सळ्यांच्या ब्रेकचे रबर तिथेच घासते. एका वर्षी मी ती चूक केली होती आणि वडिलांनी तेवढी एक रिम रॉकेलने तीनदा पुसून घेतली.

हे सगळे पावसात सायकल चालवायची म्हणून करायचे, असे मला तेव्हा वाटे. हिशेब केला तर तसे नव्हते. वडील खडकीच्या एका कारखान्यात होते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. उरलेले साडेबावीस तास सायकल कुठे ना कुठे उभीच असे. पाऊस काही माणूस सीटवर बसण्याची वाट पाहत नाही. तो बहुतांशी उभ्या सायकलीवरच पडतो. सायकलीचा इतिहास मात्र जवळजवळ सगळा चालत्या सायकलीचा लिहिला गेला आहे: शर्यती, जगप्रवास, स्त्रियांना मिळालेली मोकळीक, पुण्याला मिळालेले ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद. उभी सायकल रात्री कुठे असे, तिच्यावर छप्पर कोणाचे असे आणि ते कोणाच्या खर्चाने असे, हा प्रश्न त्यात येत नाही. या लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे. सायकल ही कष्टकरी आणि मध्यमवर्गीय घरातली बहुधा सर्वांत महाग वस्तू होती. ती गंजली म्हणजे पगार गंजला, आणि म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आधी पुण्याच्या पावसाबद्दल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईला दोन हजारांच्या वर आणि पुण्याला जेमतेम सातशे-साडेसातशे. त्यावरून पुण्याची सायकल सुखी असावी असे कोणालाही वाटेल. पण लोखंडाला किती पाणी पडले याच्याशी फारसे देणेघेणे नसते. किती वेळ ओल राहिली, हे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. धबधब्यासारखी सर येऊन गेली आणि वर ऊन पडले, तर लोखंड वाळून मोकळे होते. पुण्याचा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये दिवसदिवस नुसता भुरभुरतो. छत्री उघडावी की नाही असा पेच पडणारा हा पाऊस सायकलीवर ओलीचा पातळ पापुद्रा चढवतो आणि तो वाळू देत नाही. १९२० आणि ३०च्या दशकांत इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी हवेतल्या गंजाचा पद्धतशीर अभ्यास केला. हवेतील आर्द्रता एका ठरावीक मर्यादेपर्यंत असेल तर लोखंड जवळजवळ शाबूत राहते, ती मर्यादा ओलांडली की गंज एकदम वेग घेतो, आणि हवेत धुराचे गंधकी वायू असले तर आणखीच, असे त्यांनी दाखवून दिले. ही मर्यादा साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास धरतात. पावसाळ्यात पुण्याची हवा आठवडेच्या आठवडे तिच्या वर असते. म्हणजे पाऊस थांबला तरी सायकलीचा पावसाळा थांबलेला नसतो. कोकणात आणि मुंबईत तर समुद्राच्या वाऱ्यातले मीठ येऊन बसते आणि पावसाचा थेंब न लागलेली सायकलही तांबूस होते. रत्नागिरीला बदलून गेलेल्या माणसांची हीच तक्रार असे.

आता सायकलीकडे वळू. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली काळी, उंच, मडगार्डवाली, सळ्यांच्या ब्रेकची सायकल ही ओल्या देशात, ओल्या हवेसाठी घडलेली वस्तू आहे. जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ १८८५ची, डनलॉप यांचे हवेचे टायर १८८८चे. यंत्राचा सांगाडा तिथे ठरला. पण यंत्राला पावसापासून वाचवण्याची विद्या दुसऱ्याच धंद्यातून आली. तो धंदा होता ट्रे आणि डबे रंगवण्याचा.

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन आणि आसपासच्या गावांत ‘जपानिंग’ नावाचा व्यवसाय होता. जपानी लाखकामाची नक्कल म्हणून पत्र्याच्या ट्रेवर काळे रोगण चढवायचे, ते भट्टीत भाजायचे, पुन्हा चढवायचे, पुन्हा भाजायचे आणि शेवटी वर सोनेरी वेलबुट्टी काढायची. या रोगणात डांबराच्या जातीचा काळा पदार्थ आणि जवसाचे तेल असे. डांबर असल्यामुळेच ते काळे. दुसरा रंग आवडत नव्हता अशातला भाग नाही. पाणी अडवण्यात त्याच्या बरोबरीचे आणि तितके स्वस्त दुसरे काही हाताशी नव्हते. जॉन मार्स्टन हे त्या धंद्यातले एक कारखानदार. त्यांनी १८८७ साली ‘सनबीम’ नावाने सायकली काढायला सुरुवात केली आणि ट्रेचे रोगण सायकलीच्या नळ्यांवर चढले. आपल्या आजोबांच्या सायकलीच्या मडगार्डावर ज्या दोन बारीक सोनेरी रेघा असत, त्यांचे कूळ चहाच्या ट्रेपर्यंत जाते, असे मी म्हणेन.

सनबीमची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्यांनी चेन संपूर्ण बंद डब्यात घातली आणि त्या डब्यात तेल ठेवले. चेन फिरताना तेलात बुडून वर येई. पावसाचे पाणी, चिखल, धूळ, कशाचाच तिच्याशी संबंध नाही. याला ‘छोटे तेलस्नान’ अशा अर्थाचे नाव होते. असा डबा असलेली सायकल रात्रभर अंगणात राहिली तरी चेनला ओल लागायची नाही. घरातली स्वारी आपली एरंडेल घेऊन पडलेली आणि सायकल मात्र तेलात डुंबते आहे, अशी चैन सर्वांना परवडणारी नव्हती. सनबीम ही सधन गृहस्थांची सायकल होती. पण कल्पना रुजली. तेल नसलेला, तरी पूर्ण बंद असा चेनचा डबा बऱ्याच चांगल्या इंग्रजी सायकलींवर आला. हॉलंडमध्ये तर तो साध्या रोजच्या सायकलीचाही भाग होऊन बसला आणि आजही आहे. १९०६ साली बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. रंगाच्या खाली असा थर असला की रंग खरवडला गेला तरी गंज रंगाखालून पसरत जात नाही. ही युक्ती सुधारत सुधारत सायकलींपर्यंत आली आणि काही इंग्रजी सायकलींवर ‘बाँडराइज्ड’ असा शिक्का दिसू लागला. १९३०च्या सुमारास निकेलच्या जागी क्रोमियमचा मुलामा आला.

म्हणजे सायकलीला पावसापासून वाचवण्याची पहिली जबाबदारी कारखानदाराने घेतली होती. गिऱ्हाईक बाहेर सायकल लावणारच, असे त्याने धरले होते. एका ठिकाणी मात्र त्याचे काही चालले नाही. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ साली चामड्याच्या ताणलेल्या सीटचे पेटंट घेतले आणि पुढे जगभर तीच पद्धत चालू झाली. पुढून-मागून ताणलेले जाड चामडे, खाली स्प्रिंगा. कोरडे असताना याच्यासारखे सुख नाही. भिजलेल्या सीटवर माणूस बसला की मात्र चामडे झोळीसारखे लोंबते आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. कारखानदार सांगे की सीट भिजू देऊ नका. तेव्हापासून सीट झाकणे हे मालकाचे काम झाले आणि ते आजतागायत त्याच्याकडेच आहे.

आपल्याकडे ही सायकल फार लवकर आली. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे वडील बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली सायकलीचे दुकान काढले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढे नांगर आणि इंजिने करणाऱ्या उद्योगाचे मूळ त्या दुकानात आहे. बेळगावचा पाऊस पुण्याच्या दीडपटीहून अधिक. परंतु त्या काळच्या सायकली ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्या घरांना पडव्या होत्या आणि सायकल पुसायला गडी होते. उभ्या सायकलीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो सायकल कारकुनाकडे, शिक्षकाकडे आणि कामगाराकडे आली तेव्हा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हर्क्युलिससारख्या स्वस्त इंग्रजी सायकली मोठ्या संख्येने येऊ लागल्या आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने निघाले: मुंबईत वरळीची हिंद सायकल, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टी. आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलास १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची.

या देशी सायकलीने इंग्रजी सायकलीचे रूप जसेच्या तसे घेतले. पावसासाठी केलेली सोय मात्र एकेक करून गळत गेली. दोष कारखान्यांचाच होता असे म्हणवत नाही. सायकल स्वस्त हवी होती. चेनचा पूर्ण डबा हा महाग मॉडेलचा भाग झाला. साध्या सायकलीला वरून अर्धे पान झाकावे तसे अर्धे कव्हर आले. अर्ध्या कव्हरने धोतराचा सोगा वाचतो, चेन वाचत नाही. पूर्ण डबा ज्यांच्याकडे होता त्यांनीही तो फार दिवस ठेवला नाही. सायकल दोन-चारदा पडली की पत्रा चेपतो, चेन त्याला घासते आणि गल्लीभर खडखडाट होतो. पंक्चर काढताना मागचे चाक उतरवायचे तर आधी डबा सोडा, म्हणून सायकलवाल्यालाही तो नको असे. ‘काढूनच टाका’ हा सल्ला पुण्यात कोणत्याही दुकानात फुकट मिळे. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलींवर तर मडगार्डही क्वचितच दिसे. जितके कमी पत्रे तितकी कमी दुरुस्ती, हा भाडेवाल्याचा हिशेब त्याच्या परीने बरोबरच होता. त्याच्या सायकली रात्री दुकानात एकमेकींच्या अंगावर रेलून कोरड्या झोपत. प्रश्न होता तो स्वतःची सायकल असलेल्याचा.

कारखान्याने सोडलेली जागा घराने भरून काढली. या घरगुती विद्येची नोंद कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी सायकल वापरली त्यांना ती पाठ असेल. सीटच्या स्प्रिंगांत खोचलेले फडके ही त्यातली पहिली पायरी. सीटवर घालायच्या टोप्यांची तर एक वंशावळच मांडता येते: आधी मेणकापड, मग रेक्झिन, मग स्पंज घातलेली मखमली कव्हरे. चामड्याच्या कडक सीटवर स्पंज सुखाचा वाटे. पण पावसाळ्यात तो शत्रू होता. वरून हात लावला तर कोरडा, बसले की आतले पाणी वर. ऑफिसात पोहोचलेल्या गृहस्थाने तासभर कोणाकडेही पाठ करायची नाही, अशी त्यातून वेळ येई. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी हा रामबाण उपाय निघाला. दूध किंवा कापडाच्या दुकानातली पिशवी सीटवर ओढायची आणि बंद खाली गाठ मारून बांधायचे. महाराष्ट्रात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अनेक सायकलस्वारांनी जुन्या पिशव्या जपून ठेवल्याचे मी पाहिले आहे.

हबभोवती एक सैलसर चामड्याची पट्टी किंवा रंगीत गोंड्याचे कडे घालत. पुष्कळांना ती नुसती हौस वाटे. चाक फिरले की ते कडे हबवर घसरत फिरते आणि चिखल-पाणी पुसत जाते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर सायकल पूर्ण खोलून धुणे, छर्रे काढून नवे ग्रीस भरणे याला इंग्रजीत ‘ओव्हरहॉल’ म्हणतात. पुण्यातल्या सायकलवाल्यांनी त्याचे ‘ओव्हरऑइल’ केले आणि मला तो शब्द मुळापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो.

या विद्येत एक चूक मात्र घरोघर होती. सायकल वरपासून खालपर्यंत ताडपत्रीने गुंडाळून ठेवली की ती सुरक्षित, असा समज होता. कोकणात पावसाच्या बाजूला झापांची झड बांधतात, पण ती भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशी. शेतकऱ्याचे इरले डोक्यावर आणि पाठीवर असते, पुढून उघडे. हे शहाणपण ताडपत्री गुंडाळणाऱ्यांनी सोडून दिले. ओल्या फरशीवरची वाफ ताडपत्रीखाली अडकते, रात्री नळ्यांवर दव धरते आणि सायकल झाकूनही गंजते. वर झाकावे, बाजूंनी उघडे ठेवावे. गोठ्याला जो नियम तोच सायकलीला.

हे सगळे झाले तरी छपराची जागा ना तेल घेऊ शकते ना पिशवी. म्हणून आता छपराकडे येतो.

पुण्याचा वाडा सायकलीसाठी बांधलेला नव्हता, पण तिला त्याच्याइतकी सोयीची वास्तू पुन्हा मिळाली नाही. दिंडीदरवाजातून आत आले की दोन्ही बाजूंना देवड्या. एके काळी पहारेकऱ्यांसाठी असलेल्या त्या जागेत सायकली उभ्या राहिल्या. बोळात, जिन्याखाली, ओसरीच्या कडेला. कोणाची सायकल कुठे लागेल याचे अलिखित करार होते आणि त्यांवरून भांडणेही होती. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे पागोळ्यांखालची. उघड्यावर उभी राहिली तर सायकलीवर नुसता पाऊस पडतो, पागोळीखाली अख्ख्या छपराचे पाणी एका रेषेत पडते. नव्या बिऱ्हाडकरूच्या वाट्याला नेमकी तीच जागा येई.

वाड्याबाहेर कोरडी जागा मिळायची ती दुसऱ्याच्या भिंतीलगत, वळचणीखाली. ‘येथे सायकली लावू नयेत, हवा सोडली जाईल’ या पाटीवर आपण आजवर पुष्कळ हसलो. ती पाटी कुठे असते हे मी काही वर्षे पाहत आलो आहे. ती बहुधा तिथे असते जिथे वर गॅलरी किंवा पत्रा आहे. माझा तर्क असा की त्या भांडणात तिरसटपणापेक्षा वीतभर कोरड्या जमिनीचा वाटा अधिक होता.

ज्या संस्थांना सायकलवाल्याची गरज होती त्यांनी मात्र छप्पर दिले. शाळा-कॉलेजांतून पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. थिएटरांना, मंडईला, स्टेशनला ठेकेदारांचे सायकल स्टँड होते. पत्र्याचा बिल्ला हातात घ्यायचा, जोडीचा हँडलला अडकवायचा. काही स्टँडना छप्पर होते, काहींना नुसतेच आभाळ, आणि ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही ओळ दोन्हीकडे सारखीच. सर्वांत मोठी छपरे कारखान्यांची. माझ्या वडिलांच्या कारखान्याची शेड मी लहानपणी पाहिली आहे. लोखंडी खांब, दोन्हीकडे उतरते पत्रे, खाली सिमेंटच्या खाचा आणि शेकडो सायकली. कामगार वेळेवर यायचा तर त्याची सायकल चालू हवी, हे व्यवस्थापनाला कळत होते. मोटार आणि बस नसलेल्या काळात सायकल ही अर्धी यंत्रसामग्रीच होती.

पण हे कायद्याने बांधलेले नव्हते, आणि इथेच सगळी गोम आहे. १९४८चा कारखाने अधिनियम पाहा. कामगारकल्याणाच्या प्रकरणात हातपाय धुण्याची सोय आहे, उपाहारगृह आहे, विश्रांतीची जागा आहे. कलम ४३ कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळवण्यासाठी जागा असावी यासंबंधी आहे. पावसात भिजून आलेल्या कामगाराच्या सदऱ्याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला, ही चांगलीच गोष्ट. तो सदरा ज्या वाहनावर बसून भिजत आला त्याचा विचार मात्र त्या अधिनियमात नाही. सायकल शेड हा मालकाच्या सोयीचा भाग राहिला, कामगाराचा हक्क झाला नाही. सोय संपली की शेड संपणार, हे त्यातच ठरले होते.

नगरपालिकांचे याहून वाईट. पुण्यासह अनेक गावांत सायकलीवर कर होता. तो भरला की बिल्ला मिळे, आणि बिल्ला नसला की दंड. रात्री दिवा नसला तरी पोलीस अडवत, डबलसीट असले तरी अडवत. सायकलीची दखल नगरपालिकेला चांगलीच होती. कर घेतला, दिवा तपासला, पण सार्वजनिक जागी सायकल पावसात उभी राहू नये ही आपली जबाबदारी आहे, असे तिला कधी वाटल्याचे दिसत नाही. जपानने रेल्वे स्थानकांबाहेर साचणाऱ्या सायकलींच्या गर्दीवर १९८० साली कायदा केला आणि त्यात सायकली ठेवण्याच्या जागा उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि रेल्वे यांच्याकडे नेली. हॉलंडमध्ये नव्या घराला कुलूपबंद, पाऊस अडवणारी कोठी असली पाहिजे असा बांधकाम नियम होता. २००३ साली तो काढून टाकला, त्यावर ओरड झाली आणि २०१२ साली पुन्हा आणला. उत्रेख्तच्या स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींची जागा २०१९ साली पूर्ण झाली. श्रीमंत देशांना हे परवडते असे कोणी म्हणेल. पण पत्रा आणि चार खांब आपल्यालाही परवडत होतेच; ते आपण नंतर स्कूटरसाठी उभे केले.

ते कसे झाले हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. १९८०नंतर पुण्यात स्कूटर आणि मग मोटारसायकली वाढल्या. नवे स्टँड बांधले गेले नाहीत. जुन्यांतच स्कूटर शिरली आणि सायकल कडेला, पत्र्याच्या टोकाला सरकली. टोक म्हणजे पुन्हा पागोळीच. वाडे पाडून सदनिका झाल्या. विकास नियंत्रण नियमावलीच्या तक्त्यात मोटार, स्कूटर आणि सायकल असे तीन रकाने होते, पण खाली खांबांमध्ये पांढऱ्या पट्ट्या मारताना तिसरा रकाना बहुधा पाण्याच्या टाकीमागे किंवा कुंपणालगत निघे. २०१७ साली पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या. त्यांत मोबाइक ही चीनमधली कंपनी होती. २०१६ साली शांघायमध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या सायकलीला चेन नव्हतीच, चौकट ॲल्युमिनियमची आणि टायर हवेशिवायचे. ही सायकल जन्मभर उघड्यावर राहणार असे कारखानदाराने पुन्हा एकदा धरले होते. मार्स्टन यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी चाक फिरून तिथेच आले म्हणायचे. पुण्यात त्या सायकली फार काळ टिकल्या नाहीत, आणि त्यांना पावसाने मारले नाही. मोडतोड आणि चोऱ्या यांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या.

वडील निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही वाडा सोडून सदनिकेत आलो. सायकल आली. सोसायटीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे ती कुंपणाच्या भिंतीशी उभी राहू लागली. वडील मृगाचा कार्यक्रम तिथेही करत, फक्त चौकाऐवजी गच्चीवर, आणि सायकल लिफ्टमध्ये मावत नसल्यामुळे तीन मजले खांद्यावरून. सीटला पिशवी, हबला पट्टी, चेनला तेल, सगळे वेळेवर. ते गेल्यावर मी सायकल तशीच ठेवली आणि वर्षातून एकदा पुसत राहिलो. गेल्या श्रावणात पायडल फिरेना, म्हणून पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने कॉटर पिना ठोकून काढल्या, मधला ॲक्सल सोडवला आणि चौकट उचलून तिरपी केली. आतून पेलाभर तांबडे पाणी आणि मूठभर गंजाचा भुगा फरशीवर पडला.

‘सीटच्या पाइपातनं उतरलंय, काका,’ तो म्हणाला. ‘पिशवी सीटला बांधतात, पण पाणी सीटच्या खांबावरनं खाली जातं, चौकटीत. बाहेर उभी असते ना? वाड्यातल्या सायकलींना हे होत नाही.’

मडगार्डावरच्या सोनेरी रेघा जशाच्या तशा होत्या. त्याने पेचकसाचे टोक आतून खालच्या नळीला लावून पाहिले, ते आरपार गेले. चौकट बदलायला हवी होती. जुन्या मापाची चौकट लगेच मिळणार नाही, शोधून ठेवतो, पावसाळा संपला की या, असे तो म्हणाला आणि सायकल आत घेऊन त्याने दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.